वरीलप्रमाणे

"मेली चादर टोचतेय. कितीदा सांगू?" म्हातारी भिंतीकडे तोंड करून पुटपुटली.

"ऐकलंत? दिवसभर हेच," थोरली सून म्हणाली. "सिस्टर, ती झोपेची गोळी दुप्पट करा. त्यांनाही आराम, आम्हालाही."

गोळी वाढवायची का, तेच बघायला डॉक्टरांनी सिस्टरना पाठवलं होतं. काय काय होतंय ते रोज लिहून ठेवा, असं गेल्या खेपेला सिस्टरनीच घरच्यांना सांगितलेलं. दाराला डकवलेला तक्ता त्या वाचू लागल्या. पहिल्या ओळीत थोरलीचं अक्षर : चिडचिड. त्याखाली म्हातारीच्या मुलाचं, कचेरीतलं, वळणदार : वरीलप्रमाणे. त्याखाली धाकट्या सुनेचं : वरीलप्रमाणे. नऊ दिवस, दिवसातून तीनदा. एके ठिकाणी कुणीतरी 'फार' लिहून खोडलं होतं.

"कुठे दुखतंय, हे विचारलंत का त्यांना?"

"दुखायचंय काय? मुळातच तिरसट स्वभाव. राग कायम नाकावर."

खोलीत फिनेलचा वास होता. त्यावर पावडरचा, त्यावर संत्र्याच्या फवाऱ्याचा. आणि या सगळ्यांना पुरून उरलेला आणखी एक.

सिस्टरनी हातमोजे चढवले आणि म्हातारीला कुशीवर वळवलं. पाठीला चिकटून चादरही उठली. पावडरचा पिवळा चिखल झाला होता. कमरेखाली तळहाताएवढी जखम. कडा काळ्या, मधे ओलं, सडलेलं. थोरली तोंड दाबून मोरीकडे पळाली. धाकटी दारातच थांबली, नखानं चौकटीचा रंग खरवडत.

"यांना कुशीवर कोण वळवतं?"

"जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"मी?" मोरीतून ओकारी आवरत थोरली ओरडली. "मला वाटलं, तू!"

आल्या आल्या बाहेर काढून ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट सिस्टरच्या पिशवीत परत गेलं. त्यांनी दारावरचा तक्ता काढला आणि पेनासकट धाकटीपुढे धरला.

"चिडचिड म्हणजे काय, ते लिहा. नीट लिहा. डॉक्टरांना दाखवायचंय."

धाकटीनं पेन टेकवलं. कागदावर शाईचा ठिपका तेवढा मोठा होत गेला.

"किळस येते हो," ती एकदम म्हणाली. "सगळ्यांनाच. आईंना हात लावायची किळस येते आम्हाला."

मोरीतलं पाणी बंद झालं.

"मग लिही ना तेवढं," भिंतीकडून म्हातारीचा आवाज आला. साधाच, प्यायला पाणी मागावं तसा.