झीलकरी

कुंपणापलीकडच्या मराठी विभागातले भोसेकर सर पहिल्यांदाच वेधशाळेत चहाला आले, म्हणून हेमांगीने त्यांना दूरच्या ग्रहावरून एकोणीस वर्षं येत राहिलेले सूर ऐकवले. त्यातली सारखी परत येणारी ओळ तिच्या माणसांनी निरर्थक म्हणून कायम गाळली होती. आज तिने ती राहू दिली.

सरांनी मांडीवर ठेका धरला. "अहो, हा तर पोवाडाच! शाहीर ही ओळ टाकून थांबतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात."

"मग ओळीनंतरची ही शांतता?"

"आपल्यासाठी सोडलीय, मॅडम. नुसती तीच ओळ परत म्हणायची. पाठवा की!"

हेमांगीच्या हातातला चहा केव्हाच निवला होता.

"सर," ती म्हणाली, "गेल्या महिन्यात ते गायचे थांबले."