मामाचा फोन

पडद्यावरच्या गुंडाने ड्रायव्हरची कॉलर धरली आणि तो तामिळमध्ये काहीतरी ओरडला. लंडनच्या इल्फर्डमधलं थिएटर हसलं. रचनाची खालची इंग्रजी ओळ वाचायची राहूनच गेली.

"काय म्हणाला रे?"

"तू मामा आहेस का, म्हणाला," परीक्षित कुजबुजला. "पोलिसाला त्यांच्यातही मामाच म्हणतात, ताई. आमच्या सायनला सगळे शेजारी तामिळ होते."

पडद्यावरचा ड्रायव्हर खरोखरच मामा होता. खंडणीवाल्याची गाडी चालवता चालवता तो त्याची खबर वर पोहोचवायचा. फोनवर विचारायचा, "तांदूळ आला का?" त्याचा अर्थ वेगळाच असायचा.

परीक्षितही ड्रायव्हरच. मेडनहेडच्या केअर एजन्सीत नवा लागलेला. रचना, अक्षया आणि आसावरी यांना तो म्हाताऱ्यांच्या घरी सोडायचा, परत आणायचा. तिघींचे पासपोर्ट मालक दीनानाथ सरांनी 'सेफ्टीसाठी' कपाटात ठेवले होते. कुणी मागितले की सर शांतपणे स्पॉन्सरशिपची आठवण करून देत. ती गेली की व्हिसा गेला, आणि रचनाच्या सान्वीची शाळाही. आजची अर्धी सुट्टीसुद्धा परीक्षितने शब्द टाकला म्हणून मिळाली होती.

परतीच्या ट्रेनमध्ये अक्षया म्हणाली, "तूपण मामा नाहीस ना रे? गाडी चालवतोस आणि प्रश्न फार विचारतोस."

"मग सलाम ठोका की."

आसावरी हसली. परीक्षित खिडकीबाहेर बघत राहिला.

मेडनहेडला उतरल्यावर तो मागे रेंगाळला. सीटवर राहिलेला त्याचा मफलर द्यायला रचना वळली. तो भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता.

"हो मामा. साखर किती आली? ... नाही, अजून विश्वास बसायचाय त्यांचा. कोण कोण बोलणार ते कळलं की सांगतो."

तिला पाहताच त्याने फोन कापला. चेहरा उतरला होता.

"ताई, कुणाला सांगू नका. सगळं फुकट जाईल."

अक्षयाला मात्र रचनाने सांगितलंच.

"साखर म्हणजे गं काय?"

"कोडवर्ड. सिनेमात तांदूळ नव्हता का?"

"त्याचा आयडी पाहिलास?"

"अंडरकव्हर म्हणतात त्याला, बाई! आयडी गळ्यात घालून फिरेल का?"

दुसऱ्या दिवशी रचना मुद्दाम गाडीत पुढे बसली.

"मी साक्ष देणार," ती म्हणाली. "पासपोर्ट, शिफ्ट, धमक्या, सगळं सांगणार. अक्षयापण तयार आहे. आसावरी घाबरते, पण मी बोलले की तीही बोलेल."

"तक्रार घेऊन कौन्सिलमध्ये कुणाला भेटलात का?"

"नाही रे. आधी तुलाच सांगतेय."

"बरं केलंत, ताई."

राउंडअबाउटला बाहेर पडायचं विसरून त्याने आणखी एक फेरी मारली.

त्याच आठवड्यात सरांनी रचनाला ऑफिसात बोलावलं. सान्वीला शाळेत सोडताना ती म्हणाली, "आज आईला पासपोर्ट मिळणार."

"मग आपण हॉलिडेला जाणार?"

"जाऊ या."

टेबलावर तिन्ही पासपोर्ट मांडलेले होते. शेजारी परीक्षित उभा होता. त्याला पाहून रचनाला धीर आला.

"घ्या तुमचा पासपोर्ट," दीनानाथ म्हणाले. "स्पॉन्सरशिप मी काढून घेतलीय. अक्षयाची आणि आसावरीचीही. साक्षीदार बाया मला परवडत नाहीत."

तरी रचना घाबरली नाही. तिने परीक्षितकडे पाहिलं. सिनेमात हाच क्षण होता. आता तो आयडी काढेल.

परीक्षितने खिशात हात घातला. एक छोटी डबी काढली, तिच्यातल्या दोन गोळ्या टेबलावरच्या चहात टाकल्या आणि कप दीनानाथांपुढे सरकवला.

"घ्या मामा," तो म्हणाला. "साखर नाही घातलेली."