फिटिंगचं स्टूल

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात शाळेच्या स्कर्टचं नवं सॅम्पल निघालं, की कटिंग मास्तर शिलाईवरच्या एखादीला ते घालून स्टुलावर उभं करायचा. घेर बघतो म्हणत गुडघ्यावरनं हात वर न्यायचा. आठ वर्षांपूर्वी मला चढवलं, तेव्हा मी मालकांकडं गेले. ते हसले. "माप घेताना हात लागतोच की, मायाक्का." पुढं मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला यायची होती. कायद्यानं बायकांच्या तक्रारीसाठी समिती लागते, म्हणून मालकांनी घाईघाईत बोर्ड लावला आणि अध्यक्ष म्हणून सगळ्यात जुन्या बाईचं, म्हणजे माझं, नाव टाकलं. मी तो कायदा दोनदा वाचला आणि वाट बघत राहिले. गेल्या महिन्यात शिलाईवरच्या पूनमनं मास्तरविरुद्ध लेखी तक्रार दिली. आज सुनावणी. मालक दारातच आडवे आले. "मिटवून टाका की. तुम्हाला नुसतं नावाला घेतलंय." "समितीत तुमी न्हाय. बाहेर थांबा," म्हणत मी दार लावून घेतलं. आत समितीच्या चार खुर्च्या होत्या. मास्तर गळ्यात टेप अडकवूनच आला होता. पाचवी खुर्ची दिसेना, तसा म्हणाला, "मी कुटं बसू?" मी कोपऱ्यातलं त्याचंच स्टूल पुढं ओढलं. "बसायचं न्हाय. चढा." त्यानं बाकीच्या तिघींकडं पाहिलं. एकीचीही मान हलली नाही. तो चढला. स्टूल डुगडुगायला लागलं. "हात पुढं धरा, मास्तर," मी म्हटलं. "आन् मला चढवलं व्हतं, तितनं सांगायला लागा."