निरोगी कातडीचा नमुना

हेमांगीने सूक्ष्मदर्शकातल्या ध्रुवीकरणाच्या दोन काचा एकमेकींच्या काटकोनात आणल्या, तसा सगळीकडे काळोख झाला. त्या काळोखात कातडीतले धागे उजळले. निरोगी कातडीत ते टोपलीच्या विणीसारखे चहूकडे गेलेले असतात. इथे मात्र सगळे एकाच दिशेला ताणून बसले होते.

"अगं, हा तर भाजल्याचा व्रण आहे," शेजारून डोकावत कुलसुम म्हणाली. "निरोगी म्हणून कुणाची कातडी घेतलीस?"

"नानांची."

तिच्या प्रबंधासाठी वडिलांनी जाण्याच्या महिनाभर आधी स्वतःचा हात पुढे केला होता. "इथली घ्या डॉक्टर," ते लेकीला थट्टेने म्हणाले होते, "इथे मला सुई टोचलेलीही कळत नाही." म्हातारा फुशारकी मारतोय, म्हणून ती हसली होती.

तिने नमुन्याखालची तबकडी फिरवली. धागे विझले. बरं वाटलं. आणखी थोडी फिरवली, तर ते पुन्हा तसेच झळझळीत समोर उभे.

ती सहा वर्षांची होती. तिने ओढलेल्या तेलाच्या कढईखाली नानांनी आपला हात घातला होता. डाग पुढे सुरकुत्यांत हरवला, पण तेव्हा कितीतरी महिने रोज ती त्यावरून हलकेच बोटं फिरवायची.

"बरं वाटतंय, नाना?"

"तर! तुझी बोटं लागली, की लगेच कळतं बघ मला."