बारीक फुली

"घ्या, पुन्हा आली," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल शेषरावांपुढे धरला. "मले ते फुली दिसत नाई. तुमीच दाबा."

बातम्यांच्या पानावर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आडवी पडली होती. कोपऱ्यात तिळाएवढी फुली. शेषरावांनी ती दाबली, मोबाइल बायकोच्या हातात परत दिला आणि खुर्चीत टेकले. सकाळपासूनची ही नववी. त्याआधी क्लासवाले येऊन गेले, बाळापूर रोडवरचे प्लॉट येऊन गेले, टकलावर केस उगवून देणारे तर दोनदा. त्यांचं काही नव्हतं. शेषरावांना धास्ती होती ती एकाच जाहिरातीची, आणि ती कधी उगवेल याचा नेम नव्हता.

परवा शालूबाईंनी असाच मोबाइल पुढे धरला, तेव्हा ती पहिल्यांदा आली. त्यांच्या धर्मेंद्रचा हसरा फोटो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली रविवारी अकोल्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. अंगठा फुलीवर कसा गेला, ते शेषरावांनाही कळलं नाही. चष्म्याशिवाय बायकोला चेहरा ओळखू आला नसेल, एवढाच त्यांना आधार. तेव्हापासून पाच वेळा त्यांनी स्वतःच्या पोराचा चेहरा असा दाबून घालवला होता.

धर्मेंद्र त्यांचा एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी चांगली सरकारी नोकरी सोडून त्यानं अकोल्यात ढाबा टाकला. या घराची पायरी चढू नको, असं शेषराव रागात बोलून गेले, आणि पोरगाही बापाच्याच वळणाचा, चढला नाही. शालूबाईंनी नवऱ्याचा शब्द राखला. त्यांनीही पोराचं नाव काढणं सोडलं.

नऊ दिवसांपूर्वी मूर्तिजापूरजवळ त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं. पेन्शनच्या कागदाचं काम आहे असं सांगून शेषराव अकोल्याला गेले, अग्नी दिला आणि संध्याकाळच्या एसटीनं अमरावतीला परतले. सून रागिणीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. घरी येऊन ते दोन भाकरी जेवले. रडू आलं नाही, अजूनही येत नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं आत सगळं बधिर झालं होतं.

सांगायचं तरी कसं? शालूबाईंची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. महिनाभर वाईट काही कानावर पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेषरावांनी एकेका नातेवाइकाला फोन करून तोंड बंद ठेवायला सांगितलं. पेपर बंद केला. पण मोबाइलचं तोंड कोण धरणार? आणि शालूबाईंना नेमका आताच बातम्यांचा नाद लागला होता. जन्मात बातम्या न पाहिलेली बाई दिवसभर तेच एक पान उघडून पडलेली असायची.

ही जाहिरात दिली असेल ढाब्यावरच्या मित्रांनी. पण विचारणार कोणाला, आणि कुठल्या तोंडानं?

शेषरावांची सगळी नोकरी पोस्टमनकीत गेली. कोपरा फाडलेली कार्डं त्यांनी शेकड्यानं वाटली होती. मरणाची खबर दारात टाकायची, घंटी वाजवायची आणि सायकल पुढे काढायची. त्या माणसाला आता हातातली एक खबर दोन खोल्या ओलांडून पोचवता येत नव्हती. याची त्यांना लाज वाटे. पण मग शालूबाईंच्या छातीकडे लक्ष जाई आणि लाज गिळावी लागे.

शेवटी त्यांनी शेजारच्या आचलला बोलावलं. पोरगी इंजिनिअरिंगला. जाहिरातींनी काकूचा जीव उबगला, काही उपाय आहे का, असं त्यांनी विचारलं. आचल हसली. तिनं जाहिराती अडवणारं एक ब्राउझर टाकलं, बातम्यांचं पान त्यात उघडलं आणि दाखवलं. पान स्वच्छ. तेल नाही, प्लॉट नाही, कोणीच नाही.

शालूबाई बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या.

"सगळ्याच जातात का वं?" त्यांनी विचारलं. "एखांदी ठेवता नाई येत?"

जाहिरात कोणी मुद्दाम ठेवतं का, म्हणत आचल चहा न घेताच पळाली. शेषरावांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. त्यानंतरच्या दोन दिवसांत शालूबाईंनी मोबाइल एकदाही त्यांच्यापुढे धरला नाही. नंतर तर हातातही घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. औषधांची गुंगी असेल, असं शेषरावांनी मनाशी ठरवून टाकलं. महिना पुरा झाला की सांगू, हेही ठरवलं.

रविवारी सकाळी त्यांनी निळा शर्ट चढवला. अकोल्याला पोस्टातल्या बुधाजीच्या नातवाचं बारसं आहे, पाचपर्यंत येतो, दुपारी आचल येऊन बसेल, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. भिंतीला धरून शालूबाई उठल्या, कपाटाशी गेल्या आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून त्यांनी पलंगावर ठेवला. शेजारी स्वतःचं पांढरं लुगडंही ठेवलं.

"बारशाले पांढरं काहून?" शेषरावांनी विचारलं.

"रागिणीचा फोन पयले मलेच आला होता," शालूबाई म्हणाल्या. "सहा वर्सं त्याचा बी मलेच येत होता, तुमी बाजारात गेले का."

शेषराव पलंगाच्या कडेला बसले. शालूबाईंनी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं, मग दुसरं.

"ते जायरात रागिणीले सांगून मीच देली होती," त्या म्हणाल्या. "तुमाले मले सांगता यावं म्हणून."