शेळ्यांकडचा शाफ्ट

"तिसरा एक हाय," रंगनाथ मिस्तरी हात पुसत म्हणाला, "पण तो शेळ्यांकडं हाय."

अंगदला वाटलं, उन्हानं आपले कान गेले. येलदरी धरणाची सहा टोपल्या मासळी बर्फात घालून तो सकाळी जालन्याला निघाला होता. चारठाण्याच्या अलीकडं पिकअपचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फेरा मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा, पिळवटून त्याचे दोन तुकडे झाले. इंजिन गुरगुरायचं, मागची चाकं ढिम्म. शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी लावून गाडी रंगनाथच्या दुकानापर्यंत ओढत आणली. दुकानात दोन जुने शाफ्ट निघाले. जीपचा लावून पाहिला, तो वीतभर तोकडा. ट्रकचा इतका लांब, की तो बसवायचा तर गाडीच वाढवावी लागली असती. इकडं मागच्या फाळक्यातून बर्फाचं पाणी टपटप गळत होतं.

रंगनाथ त्याला गावातल्या म्हाताऱ्या सुलाबाईकडं घेऊन गेला. तिच्या शेळ्यांच्या छपरात खरंच शाफ्ट होता. दोन दोरांनी आडवा टांगलेला. त्याला बाभळीचा पाला बांधला होता आणि खाली पाच शेळ्या माना वर करून खात होत्या.

गरज दाखवली तर म्हातारी अडून बसेल, असं अंगदनं गृहीत धरलं.

"मावशी, शेळ्या लय झ्याक हायेत. इकायच्या हायेत का?"

"शेळी घेणारा सडांकडं बघतो," सुलाबाई म्हणाली. "तू मघापासून आढ्याकडं बघायलायस."

रंगनाथ खोकला. अंगदनं मग खरं काय ते सांगून टाकलं.

"आमचे मालक धरणाच्या कामावर होते," सुलाबाई म्हणाली. "काम सरल्यावर मोडक्या गाड्यांची हर्राशी झाली, तवा ह्यो दांडा घेऊन आले. धरणाचं पाणी कुठंकुठं गेलं. आमच्या वाट्याला एवढा आला."

रंगनाथनं दाराआड ठेवलेले तुकडे आत आणले, जोडून जमिनीवर मांडले आणि पाला सोडून वरचा शाफ्ट त्यांच्या शेजारी ठेवला. लांबी तीच. टोकाची चार भोकंही तीच. मातीला लागला नव्हता, म्हणून गंजही नव्हता.

"बोला मावशी, किती द्यायचे?"

"पैसे नगंत." सुलाबाईनं पदर सावरला. "मला फुडं बसव आन् माझ्या जावेच्या दारावरून ने. भोंगा वाजवत. ती एकदा कुणाच्या जीपमधी बसून परभणीला गेल्ती. चार वर्षं झाली, अजून उतरली न्हाई."

रंगनाथनं तुटक्या शाफ्टचे सांधे काढून याला चढवले आणि गाडी हलती केली. छपरात त्यानं जीपचा तोकडा शाफ्ट टांगून दिला. शेळ्यांची काही तक्रार नव्हती.

सुलाबाई ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून पुढं बसली. जावेच्या दारात अंगदनं असा भोंगा वाजवला, की कोंबड्या उडून भिंतीवर बसल्या. पण दाराला कुलूप होतं.

"केवळाबाई कापूस येचायला गेल्यात शेतात," शेजारीण म्हणाली.

"झालं की मावशी," अंगद घाईनं म्हणाला. "दारावरून तर नेलं."

"दाराला काय डोळे असत्यात?"

जालन्याचा रस्ता सोडून गाडी शेताच्या वाटेला लागली. प्रत्येक खड्ड्याला मागं टोपल्या आदळत होत्या. मासळीचा वास आता पुढं येऊन दोघांच्या मध्ये बसला होता.

भोंगा ऐकून केवळाबाई ओटीतला कापूस सांभाळत बांधावर आली. तिनं गाडी पाहिली, जाऊ पाहिली आणि पदर नाकाला लावला.

"अगं बया! मासळीच्या गाडीत बसून कुठं निघालीस?"

सुलाबाईचं तोंड एवढंसं झालं. का कोण जाणे, अंगदलाच ओशाळल्यासारखं झालं.

"गाडी मासळीची आसंल, जाऊबाई," सुलाबाई हळूच म्हणाली. "पण शाफ्ट माझा हाय."

"शाफ्ट? कुठं आसतो त्यो?"

"खाली. गाडीत काय, कुणीबी बसतंय. ह्यो फिरला तरच गाडी चालती."

केवळाबाईनं नाकावरचा पदर सोडला. गुडघ्यावर हात टेकून ती वाकली आणि गाडीच्या पोटाखाली डोकावली. जालना अजून तीन तासांवर होतं. अंगदनं गियर टाकला, तशी सुलाबाईनं त्याच्या दंडाला हात लावला.

"हळू घे बाबा. तिला फिरताना दिसू दे."

अंगदनं एकदा मागच्या टोपल्यांकडं पाहिलं. मग गाडी पहिल्या गियरमध्ये, बैलगाडीहून हळू सोडली. एका हातानं ओटी धरून, वाकलेली तशीच, केवळाबाई गाडीच्या कडेकडेनं चालू लागली.