आईचा माइक

मामाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग थेट मिक्सरवरून घ्यायची भाचीची ही पहिलीच वेळ होती. साउंडवाल्याने तोंड वाकडं करत केबल दिली आणि दम भरला, “माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही.”

स्टेजवर मधोमध मामा, बाजूला साथीला तिची आई. “तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही. माझी बहीण म्हणून बसवून घेतो,” असं मामा आईला चारचौघांत ऐकवायचा आणि आई पुन्हा त्याच्या साथीला बसायची.

गाणं सुरू झालं. रेकॉर्डरमध्ये प्रत्येक माइकचा आवाज वेगळा, मिक्सरवर कमी-जास्त होण्याआधीचा येत होता. तिने हेडफोनवर आईचा माइक लावला आणि ती चपापलीच. आवाज कसा खणखणीत! हेडफोन काढला, तर हॉलमध्ये एकटा मामाच ऐकू येत होता. मिक्सरवर आईच्या माइकचं बटण पार तळाशी ओढलेलं होतं.

“हे खाली कुणी केलं?”

“तुझ्या मामाची ऑर्डर आहे, दर कार्यक्रमाला. तू तुझं काम कर.”

साउंडवाल्याचा हात झिडकारून तिने ते बटण वर सरकवलं. आईचा आवाज हॉलभर घुमला. लोकांच्या माना मामावरून आईकडे वळल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मध्यंतरात मामा पडद्यामागे आईवर खेकसला, “आज कुणी चढवलंय गं तुला?”



“मी चढवलंय,” लेक दारातूनच म्हणाली, “आणि आता उतरवणार नाही.”